मीठ वाढलंय

भिवापूर
४ मार्च २०२५

पायल,

'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. खोडलेलं दिसतंय ते तसंच राहू दे.

तुझा फोन वाजतो, पण तू उचलत नाहीस. मेसेजवर निळ्या खुणा उमटतात आणि पुढे काहीच नाही. शेवटी पोस्टातून पाकीट आणलं. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "या जमान्यात कोणाले पत्र लिहून राहिली वं?" मी म्हटलं, मैत्रिणीला. तुझ्या क्लिनिकच्या पत्त्यावर टाकते आहे, म्हणजे घरी दुसरं कुणी उघडणार नाही.

आधी प्रशिकदादा कसा आहे ते सांग. पाठीचं ऑपरेशन झालं एवढंच कळलं, तेही पेपरातून. आता सगळं मला पेपरातूनच कळतं. 'नरखेड तालुक्यात लग्नासाठी आणलेलं हेलिकॉप्टर संत्र्याच्या बागेत कोसळलं, व्हिडिओ काढणारा साहिल ठार, वैमानिक गंभीर जखमी, टाकीत तेलाचा थेंब नव्हता.' आणि खाली बारीक अक्षरात, 'तेल भरणारा कर्मचारी बळीराम अटकेत.' तो बळीराम माझा बाप आहे आणि वैमानिक तुझा भाऊ. आपल्या दोघींनी हे असं पेपरात वाचायचं, याचा मला संताप येतो.

पोलिस म्हणतात, प्रशिकदादाने जबाब दिला आहे. उडण्याआधी त्याने बाबांना तेलाचं विचारलं आणि बाबांनी भरलं म्हणून सांगितलं. नवरदेव रजतच्या वडिलांना फुलं उधळायची आणखी एक फेरी हवी होती, त्यांची घाई चालली होती, म्हणून बाबांनी खोटं सांगून वेळ मारून नेली, असं त्यांचं म्हणणं. बाबा म्हणतात, मी तेल नाही असंच सांगितलं. म्हणजे दोघांतला एक खोटं बोलतोय.

माझा बाप खोटं बोलत नाही गं. तो किती बोलतो हे तुला माहीतच आहे, खोटं बोलायला तरी बोलावं लागतं. नऊ वर्षं ते दोघं एकाच हँगरात राबले. दादाच्या डब्यातली भाकरी बाबा खायचे आणि आमच्याकडच्या मिरचीचा ठेचा दादा. मी गांधीबागेत ब्लाऊजचं कापड घ्यायला यायचे तेव्हा तुझ्याच गादीवर झोपायचे. त्या सगळ्याला स्मरून एकच मागते. दादाला एकदा नीट विचार, काका नक्की काय म्हणाले?

करिष्मा

*

नागपूर
११ मार्च २०२५

करिष्मा,

पत्र मिळालं. फोन न उचलण्याचं कारण सांगते, मग तुला काय समजायचं ते समज. आमचे वकील सुमंत यांनी बजावलं आहे की बळीरामकाकांच्या घराशी फोनवर एक शब्द नको, मेसेज तर मुळीच नको. पत्राबद्दल ते काही बोलले नाहीत, कारण कुणी पत्र लिहील असं त्यांना वाटलं नसेल.

दादाच्या मणक्याला प्लेट घातली आहे. डाव्या पायाची बोटं हलतात, उजव्याची नाहीत. मी फिजिओथेरपिस्ट, दिवसभर लोकांच्या पायांना 'हलेल, हलेल' म्हणते आणि घरी येऊन भावाच्या पायाला तेच म्हणते. घरी मला ते खरं वाटत नाही. आग लागली नाही म्हणून तो वाचला, असं डॉक्टर म्हणाले. आग लागायला तेलच नव्हतं. हे ऐकून आई हसली की रडली ते मला कळलंच नाही.

तू सांगितलंस म्हणून नाही, मी आधीच त्याला विचारलं होतं. त्याचं उत्तर बदलत नाही. त्याने विचारलं, "काका, तेल?" काकांनी भरल्याचं सांगितलं. त्याने अंगठा दाखवला आणि साहिलला घेऊन उडाला. तेलाचा काटा खाली होता हे तो कबूल करतो, पण तो काटा आधीपासूनच अडकायचा, हे हँगरात सगळ्यांना माहीत होतं. काट्यापेक्षा त्याने काकांच्या शब्दावर विश्वास ठेवला. यात त्याचं काय चुकलं, हे तूच सांग.

साहिलचं लग्न ठरलं होतं. दादा दर थोड्या वेळाने त्याचं नाव घेतो. त्याच्या आईचं, वच्छलाबाईंचं तोंड बघायची माझी हिंमत झालेली नाही. अशा घरात बसून मी तुझी बाजू घेऊ शकत नाही. तुझे बाबा खोटं बोलत नसतील, तर माझा भाऊ बोलतोय असंच तुला म्हणायचं आहे ना?

पुन्हा लिहू नकोस. काकूंची तब्येत कशी आहे?

पायल

*

भिवापूर
१९ मार्च २०२५

पायल,

लिहू नकोस म्हणालीस आणि खाली काकूंची तब्येत विचारलीस. उत्तर नको होतं तर विचारलंस कशाला?

काल बाबांना भेटून आले. जाळीपलीकडे उभे होते. दाढी वाढली आहे, शर्ट खांद्यावरून उतरल्यासारखा दिसतो. मी म्हटलं, मला ते पुन्हा पहिल्यापासून सांगा. ते सांगत होते ते जसंच्या तसं लिहिते, एक अक्षर माझं नाही.

"दुपारी ड्रम होता तो सारा टाकीत ओतला. त्यावर चार-पाच फेऱ्या झाल्या. दुसरा ड्रम घेऊन पिकअप निघाली होती, ते काटोलजवळ पंक्चर झाली. मंडपाजवळ हेलिकॉप्टर उभं, पंखा फिरून राहिला, इकडे बँड वाजून राहिला. नवरीची आजी अक्षता घेऊन बाजूले उभी. साहेबानं खिडकीतून मले विचारलं. मी सांगतलं तेल नाही म्हणून. पिकअप येऊन राहिली, थांबा, असंबी म्हटलं. त्यानं अंगठा दाखवला. मले वाटलं, समजलं त्याले. पाहतो त काय, वरच चाललं! मी धावलो न दोन्ही हात हलवले. तं लग्नातले सारे लोक हात हलवाले लागले. त्यायले वाटलं, मी टाटा करून राहिलो. साहेबानंबी वरून हात हलवला."

एवढं बोलून ते जाळीला धरून खाली बसले.

या सगळ्याचा एक व्हिडिओ लग्नातल्या कुणीतरी मोबाईलवर काढलेला आहे. पोलिसांनी पाहिला. त्यात बाबा हात हलवताना दिसतात आणि पोलिस म्हणतात, बघा, आनंदाने निरोप देतोय. पंखा आणि बँड सोडून त्यात काही ऐकू येत नाही. पुढच्या फेरीत नवरा-नवरी बसणार होते, हे तुला माहीत आहे का? मला त्याचं स्वप्न पडतं.

इथे गल्लीत लोक आमच्या दाराकडे बघत जातात. शिवायला टाकलेले दोन ब्लाऊज बायका न शिवताच परत घेऊन गेल्या. आईचं कशातच लक्ष नाही. परवापासून मीठ वाढलंय, कुणी कुणाला काही बोलत नाही, आहे तसं जेवतो आणि उठतो. तुझं जांभळं ब्लाऊज अर्धं शिवून मशीनवर पडलंय. बाह्या लावायच्या की नाही ते कळव.

करिष्मा

*

नागपूर
२७ मार्च २०२५

प्रिय करिष्मा,

मी 'प्रिय' लिहिलं आहे. भांडायचं असेल तर त्यावरून भांड.

हात हलवल्याचं वाचून मी क्लिनिकच्या मागच्या जिन्यात जाऊन बसले. दादाला तो प्रसंग चांगला आठवतो. तो मला म्हणाला होता, "काका इतके खुश होते न, दोन्ही हातानं टाटा करत होते. अन् मग म्हणतात तेल नाही म्हणून सांगतलं. माणूस असा कसा वं पलटतो?" त्याला काकांचा राग आहे, पण त्याहून जास्त त्याला वाईट वाटतं. परवा उशीखालून ठेच्याची जुनी बरणी निघाली. हॉस्पिटलच्या सामानात ती कुणी भरली देव जाणे, तिच्यात नुसता वास उरला आहे. आई फेकायला निघाली तर त्याने फेकू दिली नाही.

मला काय वाटतं ते सांगू? काका घाबरले असतील. लग्नघरचे ओरडत असतील, तोंडातून भरलं निघून गेलं असेल, आणि आता कबूल करायची भीती वाटत असेल. भीतीने माणूस काहीही बोलतो, त्याला मी खोटारडा म्हणत नाही. त्यांनी तेवढं मान्य केलं तर दादासुद्धा त्यांच्या बाजूने चार शब्द सांगेल, हे मी त्याच्याकडून कबूल करून घेईन. तू काकांशी बोलून बघ. एवढंच माझ्या हातात आहे.

आणि काकूंना सांग, भाजीत मीठ वाढलं तर उकडलेला बटाटा टाकायचा, नाहीतर कणकेचा गोळा. परवापासून तसंच खारट गिळताय म्हणजे काय? बीपी वाढून सगळे एकदम आडवे व्हाल. बोलायला काय जातं तुझं? तुझी जीभ तर कापडाच्या दुकानदारांना रडवते.

बाह्या लाव. कोपरापर्यंत.

पायल

*

भिवापूर
५ एप्रिल २०२५

पायलबाई,

तुझं पत्र वाचून, बाबांना अटक झाल्यापासून पहिल्यांदा आमच्या घरात कुणी हसलं. आईला बटाट्याचं वाचून दाखवलं तेव्हा तिने पदर तोंडाला लावला. अगं वेडे, मीठ जास्त नाही झालं. मीठ वाढलं म्हणजे डबा रिकामा झाला! अळणी जेवत होतो आम्ही. माझ्या घरी इतक्या वेळा जेवलीस, एवढंही ठाऊक नाही तुला?

घरातलं मीठ, तेल, हळद, तांदूळ यांना सरलं, संपलं असं म्हणत नाहीत वं. तसं म्हटलं की खरंच सरतं म्हणे. वाढलं म्हणायचं. बांगडी फुटली तर वाढली, दिवा विझवायचा तर वाढवायचा, तसंच हे. लहानपणी एकदा 'आई, तेल संपलं' असं मी ओरडले तर पाठीत धपाटा बसला होता. बाबा त्यात आईच्या पुढे. हँगरात तिथल्या लोकांबरोबर हिंदीत बोलतात तेव्हा 'खतम' म्हणत असतील, पण घरी नाही, आणि सणावारी, लग्नाकार्यात तर गळा धरला तरी म्हणायचे नाहीत.

हसू झालं. आता बाकीचं ऐक. जामीन फेटाळला. कारण तोच, प्रशिकदादाचा जबाब. बाबांना मी तुझा निरोप सांगितला, घाबरून बोलला असाल तर कबूल करा, दादा सांभाळून घेईल. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला तिथून पळून जावंसं वाटलं. म्हणाले, "तूबी?" आणि वेळ संपायच्या आधीच मागे फिरले. तुझं ऐकून मी माझ्या बापाला ते विचारलं, याचं मला फार वाईट वाटतंय. ते तुझ्यावर ढकलत नाही. पण वाईट वाटतंय.

वकील म्हणतात, आरोपपत्र एकदा दाखल झालं की सदोष मनुष्यवधाचं कलम काढणं कठीण. दादाला पुन्हा विचार. हे शेवटचं मागणं.

तुझी
करिष्मा

*

भिवापूर
२१ एप्रिल २०२५

पायल,

उत्तर नाही. आठवडा वाट पाहिली, मग आणखी पाहिली. क्लिनिकमध्ये फोन करून विचारलं, तर तिथली मुलगी म्हणाली, मॅडम रोज येतात, टपालही त्यांच्या हातातच देतो. म्हणजे पत्र तुला मिळालं आहे.

सुमंत वकिलांना कळलं असेल. किंवा दादाने पुन्हा तेच सांगितलं असेल आणि तुला लिहायला जड जात असेल. किंवा तुझ्या मनात आधीपासून होतं तेच पक्कं झालं असेल. मी रोज एक कारण शोधते आणि तुला सोडवते. आता नाही शोधणार.

ब्लाऊज पूर्ण केलं आहे, सोबत पाठवते. बाह्या कोपरापर्यंत. कापड उरलं तेही घातलं आहे, आमच्या घरी तुझं काही राहायला नको.

करिष्मा

*

नागपूर
२५ एप्रिल २०२५

प्रिय करिष्मा,

हे पत्र पूर्ण वाच. मग फाडायचं तर फाड.

तुझं मिठाचं पत्र मी क्लिनिकमध्ये दोन पेशंटच्या मध्ये वाचलं. हसले. मग पुढच्या आजोबांचा गुडघा वाकवता वाकवता माझे हात थांबले. आजोबा म्हणाले, "काय झालं पोरी?" मी काहीतरी सांगितलं. घरी गेले, चपला काढल्या नाहीत, तशीच दादाच्या खाटेपाशी गेले आणि विचारलं, काका काय म्हणाले ते नको सांगू, कोणता शब्द म्हणाले ते सांग.

तो म्हणाला, "वाढलं म्हणाले. तेल वाढलं साहेब. पुढंबी काही म्हणाले, पण पंख्याच्या आवाजात ऐकू नाही आलं. काहून?"

करिष्मा, जबाबात त्याने लिहिलं 'तेल भरलं म्हणाले'. काकांनी लिहिलं 'तेल नाही म्हणून सांगितलं'. दोघांनी आपापला अर्थ लिहिला. शब्द कुणी लिहिलाच नाही, कुणी विचारलाही नाही.

बांगडी वाढली हे मी ऐकलं होतं. तेल, मीठ वाढतं हे नाही. आमचे दादाजी, म्हणजे आजोबा, छप्पन साली इथे दीक्षाभूमीवर उभे होते. घरी आल्यावर त्यांनी असल्या सगळ्या बोलण्याला चाट दिली, असं आई सांगते. डब्यात नाही तर नाही म्हणायचं, सरलं तर सरलं म्हणायचं, शब्दाला भ्यायचं नाही. आमच्याकडे आई आजही 'पीठ संपलं' असं गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगते. दादाच्या कानाला तेल वाढलं म्हणजे टाकीत आणखी भरलं, 'वाढलं'चा दुसरा अर्थच नव्हता. हँगरात नऊ वर्षं दोघं 'फुल' आणि 'खतम' बोलत राहिले. आणि त्या दिवशी मंडपाच्या दारात, नवरीच्या आजीसमोर, काकांच्या तोंडून घरचा शब्द निघाला.

हे मला त्याच क्षणी कळलं. आणि मी दादाला म्हणाले, काही नाही, सहज विचारलं.

म्हणून उत्तर आलं नाही. वकिलांचा काही संबंध नाही. काका खोटं बोलले नाहीत हे उघड झालं की मग एकच प्रश्न उरतो. वैमानिकाने टाकीत कांडी घालून तेल का पाहिलं नाही? काटा खाली होता, वर गेल्यावर लाल दिवाही लागला होता, तरी मागे का वळला नाही? काका दोषी आहेत तोवर दादा बिचारा आहे. काका सुटले की सगळं दादावर येतं. त्याचे पाय गेलेत, आता लायसन्सही जाईल, कदाचित काकांच्या जागी तो उभा राहील. रोज त्याचा पाय हातात धरून मी हाच विचार करायचे आणि तुझं पत्र पर्समध्ये घेऊन फिरायचे. तू रोज मला सोडवायला कारण शोधत होतीस. मी तुझ्या बापाला आत ठेवत होते.

चौदा एप्रिलला आमच्या गल्लीत रोषणाई होती. आईने दादाला व्हीलचेअरवर दारात आणून बसवलं. पोरं येऊन त्याला जयभीम करत होती. तो एका पोराला म्हणाला, "बळीरामकाका दरवर्षी या दिवशी फोन करतात. यावर्षी नाही येणार." तेव्हाही मी गप्प बसले. तुझं ब्लाऊजचं पार्सल आलं, त्यात उरलेल्या चिंध्या निघाल्या, तेव्हा मात्र माझ्याने राहवलं नाही. तुझी सगळी पत्रं मी त्याच्या मांडीवर ठेवली.

त्याने मिठाचं वाचलं. पुन्हा वाचलं. मी वाट बघत होते की रडेल, चिडेल. तो म्हणाला, "काका टाटा नव्हते करत. मले खाली बोलावत होते." आणि मग, "मी त्यायले वरून हात हलवला, पायल."

आईने त्याचं डोकं पोटाशी धरलं. थोड्या वेळाने त्याने फोन मागितला. सुमंतांनी खूप समजावलं, असा जबाब म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा आहे. दादा म्हणाला, "पायाचं मले नका सांगू." काल तपास अधिकारी घरी आले. त्याने सगळं सांगितलं. शब्द सांगितला, काट्याचं सांगितलं, कांडी घातली नाही हे सांगितलं. तो सही करताना मी पॅड धरून ठेवलं.

पुढे काय होईल ते मला माहीत नाही. मला भीती वाटते. तुझ्यावर थोडा रागही येतो, तू ते मिठाचं लिहिलं नसतंस तर बरं झालं असतं असं वाटतं, आणि मग स्वतःची लाज वाटते. हे सगळं तुला सांगते आहे, कारण तुझ्याशिवाय कुणाला सांगणार?

ब्लाऊज छान बसलं. चिंध्या परत पाठवणार नाही.

पायल

*

भिवापूर
१८ मे २०२५

प्रिय पायल,

बाबा घरी आले. जामीन झाला. वकील म्हणतात, नावही गळेल, पण वेळ लागेल. दादाचं काय झालं ते मला कळलं आहे. लायसन्स थांबवल्याचं पेपरात आलं आणि गुन्हा त्याच्यावर वळवल्याचंही. ते मी आईला वाचून दाखवलं नाही, तिने स्वतःच वाचलं आणि देवापुढे जाऊन बसली. किती वेळ बसली, कुणासाठी, मी विचारलं नाही.

तुझ्यावर रागावले होते. दोन पत्रं लिहून टाकून दिली. माझा बाप आत असताना तू पर्समध्ये ते घेऊन फिरलीस, हे मी विसरणार नाही. पण माझा भाऊ तसा पडलेला असता तर मी काय केलं असतं? मी तर तुझ्याएवढीही बोलले नसते कदाचित. आता भांडण संपलं असं म्हणत नाही. भेटल्यावर थोडं भांडू, मग जेवू.

मला वाटलं होतं, बाबा आले की घर पुन्हा पहिल्यासारखं होईल. तसं नाही झालं. खोटं बोलला नाहीत हे आता सगळ्यांना कळलं, असं मी म्हटलं तर म्हणाले, "खोटं नाही बोललो, पण पोरगं त मेलं न." मग एक दिवस म्हणाले, साहिलच्या घरी जायचं. आईने नको म्हटलं. मी सोबत गेले. वच्छलाबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. बाबांनी चप्पल फाटकाबाहेर काढली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं, तो शब्द, त्याचे दोन अर्थ, सगळं. त्यांनी मान वर न करता ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुम्ही त्यायले म्हटलं, त्यायनं तुमाले अंगठा दाखवला. माझ्या पोराले कोणी काही सांगतलं होतं का? त्याले माहीत होतं का, तेल नाही म्हणून?"

  वच्छलाबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि बाबांना पाणी दिलं. बसमध्ये बाबा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

काल संध्याकाळी आई देवापाशी दिवा लावायला गेली. बाटली उलटी केली, काही पडलं नाही. तिने सवयीने बाहेर आवाज दिला, "ऐकलं का, तेल वा..." आणि तिथेच थांबली. बाबा ओसरीत बसले होते. ते उठून दारात आले.

"काय झालं तेलाले?"

 लग्न झाल्यापासून आईने तो दुसरा शब्द तोंडातून काढलेला नाही, आणि तोही संध्याकाळी, देवासमोर. तिचे ओठ हलत होते. मी मध्ये बोलणार होते, बाबांनी हाताने मला थांबवलं.

"बोल रुख्मिणे. काही नाही होत. बोल."

"संपलं," आई म्हणाली आणि रडायला लागली.

बाबांनी खुंटीवरची पिशवी घेतली. दारापर्यंत गेले, चप्पल घातली, परत आत आले. बाटली आईच्या हातातून घेतली, उजेडाकडे धरून पाहिली, बोट घालून पाहिलं. मग पुन्हा विचारलं, "संपलं न? नक्की संपलं न?" मी म्हटलं, हो बाबा, संपलं. तेव्हा कुठे ते तेल आणायला गेले.

दादाला हे वाचून दाखव. आणि बाबांनी विचारलं आहे, ते भेटायला आले तर चालेल का? हो असेल तर हो लिही, नाही असेल तर नाही. दुसरा शब्द नको.

तुझी
करिष्मा